आठ नंबरचा गप्प व्हॉल्व्ह

एमजीबीचं टॅपेट थोडं वाजणारच, असं इकडे इंग्लंडमध्ये ही गाडी बाळगणारा कुणीही सांगतो. आम्ही घेतली तेव्हा आम्हालाही हेच ऐकवलं होतं. १९६९ सालची, फिकट पिवळी, उघड्या टपाची. चालू केली की बॉनेटखालून शिवणयंत्र चालावं तसा बारीक, एकसारखा आवाज. तो असायलाच हवा. आठ व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा; त्या दाबून उघडणारे आठ रॉकर, म्हणजे छोट्या तरफा; प्रत्येक जोडीत मुद्दाम ठेवलेली फट. या सगळ्याला बोलण्यात टॅपेट म्हणतात. पोलादावर पोलाद आपटलं की वाजायचंच. पण गेल्या उन्हाळ्यात त्या एकसारखेपणातून एक टकटक वेगळी निघाली. रस्त्यावर वाऱ्यात ती हरवून जायची, सिग्नलला थांबलं की पुन्हा हजर. नवरा म्हणाला, "रेडिओ लाव."

जुन्या गाड्यांच्या बाबतीत माणसांचे दोन तट असतात, रेडिओ लावणारे आणि बॉनेट उघडणारे. मी दुसऱ्या तटातली, आणि त्याला कारण माझे कोल्हापूरचे मामा. त्यांचं आयुष्य अँबॅसिडर दुरुस्त करण्यात गेलं. टॅक्सीवाले, सरकारी ड्रायव्हर, एखाददुसरा साखर कारखान्याचा डायरेक्टर, सगळ्यांच्या गाड्या त्यांच्या शेडमध्ये. सुट्टीला गेलं की मला स्टूलवर बसवून हातात फिलर गेज द्यायचे. पोरांना खुळखुळा देतात तसा नाही हं, काम करायला. पातळ पात्यांचा तो जुडगा, प्रत्येक पात्यावर कोरलेला आकडा, आणि मामांची हाक, "पंधरा थाऊ दे." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाऊ म्हणजे ०.३८ मिलिमीटर.

आता गंमत अशी की एमजीबीच्या व्हॉल्व्हची फटही पंधरा थाऊच, इंजिन थंड असताना. हा योगायोग म्हणता येत नाही, कारण दोन्ही गाड्यांचं इंजिन एकाच घराण्यातलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज. आपली अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड; सुरुवातीची थोडी वर्षं सोडली तर तिच्यात हेच इंजिन होतं, १४८९ सीसीचं. तेवढ्याच सीसीचं इंजिन १९५५ सालच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९६२ला एमजीबी आली तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिलिमीटरवरून ८० च्या किंचित वर नेलं आणि १७९८ सीसी झालं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मात्र दोन्हींचा तोच, ८८.९ मिलिमीटर. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी निघाल्या, १९८०च्या ऑक्टोबरात कारखान्याला टाळं लागलं. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत राहिली, फक्त नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझूचं इंजिन आलं. पुण्यातले माझे मावसभाऊ नवी इलेक्ट्रिक एमजी चालवतात आणि "तुझ्याकडची जुनी, आमच्याकडची नवी" असं म्हणतात. त्यांच्या गाडीचं माझ्या गाडीशी नातं बिल्ल्यापुरतं. रक्ताचं नातं आहे ते मामांच्या शेडमधल्या पांढऱ्या अँबॅसिडरशी.

म्हणून टकटक रेकॉर्ड करून मी मामांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "ह्यात तुझा फोनच वाजतोय." खरं होतं. फोन बोलण्यातला आवाज तेवढा उचलतो, बाकीचं गाळून टाकतो. मग व्हिडिओ कॉल, आणि तिथून पुढे त्यांनी जे करायला लावलं ते मी एरवी केलंच नसतं.

सगळ्यात आधी मोजायला लावलं. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे आपल्या टेकड्यांनी (कॅमनी) व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर संथ चालू असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला चारशे वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण सात. आठही वाजले तर सेकंदाला पन्नासच्या वर ठोके होतात, ते कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, त्यांची घरघर होते. सुटा ठोका ऐकू येतोय म्हणजे एखादाच रॉकर इतरांहून जोरात आपटतोय. क्रँकच्या वेगाने, म्हणजे दुप्पट घाईने वाजलं असतं तर संशय खाली गेला असता, बेअरिंगांकडे, आणि मग खिसा सैल करावा लागला असता. "खालचा आवाज जड असतोय," मामा म्हणाले, "ढबढब. ॲक्सिलेटर दिला की वाढतोय. वरचा हलका, टिकटिक." मग एकेका प्लगची वायर काढून बघायला लावली. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद होताच आवाज दबतो. आमची टकटक चारही वेळा होती तशीच. म्हणजे वरचीच.

मध्ये एक विनोदी प्रकरण झालं. नवऱ्याचं ठाम मत होतं की आवाज मागून येतोय. येतच होता! एमजीबीचा पेट्रोल पंप मागे, डिकीखाली उजव्या चाकाजवळ असतो, आणि तो एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप टिकटिक करूनच पेट्रोल ढकलतो. चावी फिरवली की कार्ब्युरेटर भरेपर्यंत भराभर, नंतर सावकाश. गाडी बंद ठेवून नुसती चावी फिरवली तेव्हा नवऱ्याला त्याचा आवाज सापडला. मला माझा सापडायचाच होता.

एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून गळती असली तरी हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं. धूर फटीतून बाहेर पडताना टिक करतो. पण इंजिन तापलं की धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड फुगतो, फट मिटते, आवाज जातो. पिस्टन सिलिंडरला थपडा मारत असेल तर तोही तापल्यावर शांत होतो. आमचं उलट होतं. सकाळी थंड असताना जवळपास काही नाही, अर्ध्या तासाच्या फेरीनंतर स्पष्ट. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या जागा उघड्या पडतात. इथे मामांचा आवाज बदलला. "रॉकर शाफ्ट बघावा लागंल," ते म्हणाले, म्हणजे सगळे रॉकर ज्यावर डोलतात तो दांडा, आणि मग लगेच, "पण आधी टॅपेट सेट कर. सगळी. वाजतंय त्येवढंच करून थांबू नको."

लांब पेचकसाचं टोक धातूवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकायची युक्ती सगळ्या मेकॅनिकांना माहीत असते. टायमिंग चेनच्या कव्हरवर नुसती सळसळ होती. रॉकर कव्हरच्या पुढच्या बाजूला टकटक हाडात शिरली. मग कव्हर काढून इंजिन संथ चालू ठेवलं. तेल थोडं उडतं, जुना शर्ट घालावा. हलणाऱ्या रॉकरच्या टोकाखाली फिलरचं पातं सरकवायचं. ज्याच्याखाली सरकवल्यावर आवाज बंद होतो, तोच. पहिला, काही नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याखाली पातं गेलं आणि टकटक बंद. तीन नंबर म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा इनलेट, हवा आत घेणारा. चोर सापडला म्हणून मी खूष झाले आणि लॉकनट सैल करायला पाना लावला. मामांनी फोनमधून दटावलं. "थंड होऊं दे. आनि एकपासनं धर."

बी-सीरिजचे टॅपेट सेट करताना एक हिशोब असतो, तो मला लहानपणापासून पाठ आहे. बेरीज नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सहावा उघडा असेल तेव्हा तिसऱ्याची, पहिला उघडा असेल तेव्हा आठव्याची. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलाय याची खात्री त्याच्या जोडीदारावरून करायची. प्लग काढून ठेवले, गाडी चौथ्या गिअरात टाकली आणि नवऱ्याला हळूहळू ढकलायला लावलं, कारण या गाडीचं इंजिन हाताने फिरवायचा तोच सोपा मार्ग आहे. तो ढकलणार, मी "थांब" म्हणणार, फिलर घालणार. पातं ओढताना किंचित अडलं पाहिजे, लोण्यातून ओढल्यासारखं निघूनही यायला नको आणि खेचावंही लागायला नको. लॉकनट आवळताना मधला स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं.

तीनची फट एकवीस निघाली. ती पंधरावर आणली. दोन, चार, पाच ठीक होते, सहा-सात एखादा थाऊ इकडेतिकडे. आठवर पंधराचं पातं शिरेना. बाराचं शिरेना. दहाचंही नाही. आठचं कसंबसं गेलं.

मी मामांना सांगितलं की आठ नंबरला आठ आहे, पण तो काही वाजत नाही. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "आगं बाई, न वाजणाराच बघायचा असतोय. वाजतोय म्हंजे गॅप हाय. गॅप हाय म्हंजे वॉल बसतोय. हा बसतोय का बघ."

आठ नंबर हा चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. इनलेटला दर फेरीत थंड पेट्रोल-हवेची आंघोळ मिळते. एक्झॉस्टच्या नशिबी फक्त जळका वायू. त्याची उष्णता बाहेर जायची मुख्य वाट एकच, मिटलेला असताना सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कडेवर, टेकून. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांब होते, म्हणूनच तर फट ठेवायची. फट कमी असेल तर वाढलेली दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मग त्या बारीक फटीतून पेटता वायू सुटतो, कड जळते, तिचा तुकडा जातो. हे सगळं होताना आवाज? काहीही नाही. उलट गाडी पूर्वीपेक्षा शांत वाटते. वर्षानुवर्षं अंगणात उभी असलेली गाडी विकायला काढतात तेव्हा टॅपेट घट्ट करून तिला गप्प बसवणारेही काही असतात. गिऱ्हाईक आवाजावर नाक मुरडतं ना.

आमच्या आठ नंबरला कुणी घट्ट केलं होतं की तो आपोआप घट्ट झाला होता, हे कळायचं कसं? याचं मामांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं, कारण त्यात हुशारीपेक्षा धीर लागतो. सगळे पंधरावर लाव, आकडे वहीत लिही, गाडी चालव, पुन्हा मोज. रॉकर झिजला, शाफ्ट झिजला, कॅम झिजला तर फट वाढते. फट कमी व्हायला बहुधा एकच कारण उरतं: व्हॉल्व्ह स्वतः वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या लोखंडी झाकणात, घुसतोय, म्हणजे त्याची बसायची सीट झिजतेय.

आणि सीट झिजायचं कारण पेट्रोल. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते घातलं जायचं ऑक्टेन वाढवायला, पण त्याचा एक पातळ थर एक्झॉस्टच्या सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाच्या सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटू द्यायचा नाही. थर नसेल तर दर ठोक्याला सीटचे कण उपटले जातात. ब्रिटनने २००० सालच्या जानेवारीत शिशाचं पेट्रोल बंद केलं, भारताने त्याच वर्षी १ फेब्रुवारीला. पोरांच्या फुफ्फुसांत आणि मेंदूत शिसं जायचं थांबलं, याबद्दल कुणी जुन्या गाडीवाल्याने कुरकुर करू नये असं माझं मत आहे. गाडीचं काय करायचं ते माहीत आहे: हेडमध्ये कडक पोलादाच्या सीट बसवून घ्यायच्या. हजारो एमजीबींना बसवल्या गेल्यात. आमच्या गाडीला बसवल्या असतील असं गाडी विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, कागद मात्र नव्हता.

ही झीज सावकाश चालवलं तर फारशी होत नाही. मामांच्या टॅक्स्या पन्नास-साठच्या वेगाने पन्हाळ्याला जायच्या-यायच्या, त्यांच्या सीटना काय होणार? आमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा जास्तीचा गिअर, नाही. मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना तिचं इंजिन चार हजाराच्या जवळ फिरत असतं, आणि आम्ही तिला त्याच वेगाने कॉर्नवॉलला नेऊन आणलं होतं. तो किनारा सुंदर आहे. आठ नंबरने त्याची किंमत मोजली.

थोड्या आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सात व्हॉल्व्ह होते तिथेच होते. आठ नंबर पंधरावरून अकरावर आला होता.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजलं. पहिल्या तीन सिलिंडरांना दीडशेच्या वर, चौथ्याला एकशेवीस. चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा घेतलं. रिंगा गळत असत्या तर तेलाने तात्पुरती डाट बसून काटा चढला असता. चढला नाही. म्हणजे गळती व्हॉल्व्हकडूनच.

आणि हो, तीन नंबर. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो पंधरावर आणूनही वाजतच होता, फक्त थोडा कमी. कारण मजेदार आहे. रॉकरचं टोक वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून तिथे दांडीच्या आकाराचा खळगा पडतो. फिलरचं पातं सपाट. ते खळग्याच्या दोन काठांना टेकतं आणि पंधरा सांगतं. दांडी मात्र खळग्यात शिरते, तिला जायला पंधरापेक्षा जास्त जागा असते. पातं खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, लावून रॉकर वर-खाली हलवला की खरी फट कळते. त्याच गेजने कॅमची उचलही बघून घेतली, कारण हल्लीच्या इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस कमी असतो आणि अशा जुन्या कॅमच्या टेकड्या सपाट व्हायची भीती असते. आठही व्हॉल्व्ह सारखेच उचलले जात होते, सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास. एक तरी बरी बातमी.

रॉकर शाफ्ट काढायचा तर या इंजिनात एक मेख आहे. रॉकरचे पाय ज्या नटांनी बसवलेत त्यातले चार नट हेडचेही आहेत. तेवढेच सोडले तर हेड एका बाजूने वाकायची, गॅस्केट बसकायची भीती. म्हणून पाणी काढून हेडचे अकराच्या अकरा नट क्रमाने थोडे थोडे सैल करावे लागतात. मामांना हे सांगायची गरज नव्हती. "अकरा सोडायचेच हायत," ते म्हणाले, "तर हेडच काढ की. शाफ्ट बी हुईल, सीट बी हुतील. दोनदा कशाला?"

शनिवारी काढलं. शाफ्ट वरून बघितला तर आरशासारखा. उलटा केला आणि खालच्या अंगाने नख फिरवलं, तर तीन नंबरच्या रॉकरपाशी नख अडलं. तिथे पायरी होती. झीज खालीच होते, कारण कॅमवरून वर येणारी काडी, पुश रॉड, रॉकरचं एक टोक वर रेटते, व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसरं टोक वर रेटते, आणि मधला शाफ्ट दोघांचा भार खालून सोसतो. तेल यायची भोकंही त्याच बाजूला. तीन नंबरचं भोक काळ्या गाळाने बुजलेलं. तारेने टोकरलं तर डांबरासारखा थेंब बाहेर आला. टोकाचं बूच काढून आतून पेट्रोलने धुतलं, पण शाफ्ट आता टाकाऊच. रॉकरचे बुश, म्हणजे आतली कडी, तेही गेलेले. नवा शाफ्ट आणि बुश बसवलेले रॉकर मागवले. कुणी म्हणतं जुने रॉकर घासून टोक सपाट करून घ्या. टोकावरचा कडक थर पातळ असतो, मी त्या फंदात पडले नाही.

हेड उलटं करून बाकावर ठेवलं. आठ नंबरचा व्हॉल्व्ह शेजारच्यांपेक्षा चांगलाच आत बसलेला, आणि कडेला एका जागी, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या पट्ट्यात, करड्या रंगाऐवजी फिकट पांढुरकी रेघ. वायू तिथून सुटत होता. तुकडा अजून गेला नव्हता. सीटला कुठेही वेगळी कडी बसवल्याची खूण नाही, थेट हेडच्या लोखंडात कोरलेली. विकणाऱ्याच्या छातीठोक बोलण्याचा निकाल लागला. मामांना फोटो पाठवला. दोन हजार सालानंतर त्यांच्याकडेही अशी दोन-तीन हेडं आली होती म्हणे, सगळी मुंबई-बंगलोर हायवेला पळणाऱ्या गाड्यांची.

हेड आता मशीन शॉपमध्ये आहे. चारही एक्झॉस्टना कडक सीट, नवे व्हॉल्व्ह, आणि गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या, बघून घ्यायचेत. नवरा विचारत होता की एवढं सगळं करून टकटक जाणार ना. बरीचशी जाईल, पण आठ नंबर आता वाजायला लागेल, असं मी त्याला सांगितलं. मामांनी पुढची यादी आधीच लिहून घ्यायला लावली आहे: सीटला निळा रंग लावून व्हॉल्व्ह फिरवून बघायचा, खूण सगळीकडून सलग उमटली पाहिजे; शाफ्ट बसवताना भोकं खाली; नट मधून बाहेरच्या क्रमाने; पाचशे मैल चालवून हेड पुन्हा आवळायचं आणि टॅपेट पुन्हा थंड इंजिनावर, पंधरा थाऊ. त्याखाली, "फोनवर आवाज पाठवू नको. आकडे पाठव."